चार दिवसांचा मुक्काम आणि 864 पदके

अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असताना, 28 जून 1863 या दिवशी वॉशिंग्टनमधील युद्धखात्यापुढे एकाच वेळी अनेक संकटे उभी होती. दक्षिणेकडील बंडखोर राज्यांचे सेनापती रॉबर्ट ली यांचे सैन्य पोटोमॅक नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात खोलवर शिरले होते. त्यांचा पाठलाग करणाऱ्या उत्तरेच्या सैन्याचा सेनापती नेमका त्याच दिवशी बदलला आणि जोसेफ हूकर यांच्या जागी जॉर्ज मीड आले. राजधानीपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरांवरच्या रॉकव्हिल गावाजवळ ली यांचे घोडदळप्रमुख स्टुअर्ट यांच्या स्वारांनी रसदीच्या सव्वाशे गाड्यांचा तांडा पकडला. राजधानीभोवती किल्ल्यांचे कडे होते, पण त्यांत उभी राहणारी माणसे मीड यांच्या मदतीला काढून घेतलेली होती. अशा वेळी मेन राज्याच्या दोन पलटणी, 25 वी आणि 27 वी, सामान बांधून घरी निघण्याच्या तयारीत होत्या, कारण त्यांच्या नोकरीची मुदत जूनअखेर संपत होती.

या दोन पलटणींना थांबवण्यासाठी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी जे केले आणि त्यातून पुढे चौपन्न वर्षे जे घडत गेले, ते या प्रकरणाचा विषय आहे. सैनिकांना ऐन वेळी, विचाराला उसंत न देता, एखाद्या सन्मानासाठी पुढे यायला लावणे ही गोष्ट सैन्यात नवी नाही आणि संपलेलीही नाही. मात्र तिचे सगळे टप्पे, म्हणजे निकड, आवाहन, प्रतिसाद, हिशेबातली गफलत आणि शेवटी सैनिकाच्या पदरी पडलेली मानहानी, इतक्या स्पष्टपणे एका ठिकाणी दाखवणारे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. म्हणून त्याकडे निवांतपणे पाहिले पाहिजे.

पदक आणि पलटण

‘मेडल ऑफ ऑनर’ हे आज अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक आहे. 1863 मध्ये मात्र ते अगदी कोवळे होते. लष्करासाठी हे पदक निर्माण करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष लिंकन यांनी 12 जुलै 1862 रोजी सही केली आणि त्याखालची पहिली सहा पदके स्टँटन यांनीच 25 मार्च 1863 रोजी दिली. शत्रूच्या मुलुखात घुसून रेल्वेगाडी पळवणाऱ्या आणि नंतर कैद भोगून परतलेल्या माणसांची ती पदके होती. कायद्यात दोन हजार पदके तयार करण्याची तरतूद होती. तेव्हा अमेरिकी लष्कराकडे सैनिकाला देण्याजोगे दुसरे एकही पदक नव्हते, ही बाब या प्रकरणात फार महत्त्वाची ठरते. ज्याला फक्त आभार मानायचे होते, त्याच्याही हाताशी सर्वांत वरचा मानच होता.

कायद्याची भाषाही सैल होती. रणांगणावरच्या पराक्रमाबरोबर ‘सैनिकाला शोभणारे इतर गुण’ दाखवणाऱ्यालाही पदक देता येईल, असे त्यात म्हटले होते. मुदत संपल्यावरही स्वेच्छेने थांबणे हा सैनिकाला शोभणारा गुण नाही, असे कोण म्हणेल? स्टँटन यांनी कायदा सरळ मोडला असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

27 वी मेन ही नऊ महिन्यांच्या बोलीवर उभी राहिलेली पलटण होती. 1862 च्या ऑगस्टमध्ये लिंकन यांनी नऊ महिन्यांसाठी तीन लाख माणसे मागितली होती, त्या हाकेला ओ देऊन यॉर्क परगण्यातील लोक भरती झाले. या परगण्यात शेती होती, मासेमारी होती आणि साको व बिडेफोर्ड या गावांत कापडगिरण्या होत्या. 30 सप्टेंबर 1862 रोजी पोर्टलंडमध्ये पलटण अधिकृतपणे सेवेत दाखल झाली. कर्नल टॅपली यांनी जानेवारीत राजीनामा दिल्यावर किटरी गावचे डॉक्टर मार्क वेंटवर्थ तिचे कर्नल झाले. नऊ महिने ही माणसे राजधानीच्या संरक्षणासाठी व्हर्जिनियाच्या बाजूला चौक्या सांभाळत राहिली. पहारा, गस्त, चिखल, आजारपण हे सगळे त्यांनी भोगले आणि आजारांत सोबतीही गमावले, पण एकही लढाई त्यांच्या वाट्याला आली नाही. साध्या शिपायाचा पगार महिना 13 डॉलर होता. जून संपत आला होता, गावाकडे गवतकापणीचे दिवस जवळ आले होते आणि सरकारशी केलेला करार त्यांनी आपल्या बाजूने पुरा केला होता.

एका दिवसात मागितलेले उत्तर

स्टँटन यांनी दोन्ही कर्नलांना थांबण्याची विनंती केली. 25 वी मेन थांबली नाही. तिचे कर्नल फ्रान्सिस फेसेंडेन हे मेनच्याच एका वजनदार सिनेटरचे पुत्र होते, तरीही पलटण ठरल्याप्रमाणे घरी गेली. याबद्दल त्या पलटणीला पुढे कोणी शिक्षा केली नाही आणि करण्याचे कारणही नव्हते. हे मुद्दाम नोंदवतो, कारण या प्रकरणाच्या अनेक वर्णनांत 25 व्या पलटणीकडे किंचित तुच्छतेने पाहिले जाते आणि ते मला अन्यायाचे वाटते. बोलीप्रमाणे काम करून, बोलीप्रमाणे मोकळे होणे यात कमीपणा काहीच नाही.

27 व्या पलटणीत वेंटवर्थ यांनी माणसांना प्रत्यक्ष विचारले. नऊशेच्या आसपास असलेल्या पलटणीतून सुमारे तीनशे जण थांबायला तयार झाले. थांबणाऱ्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळेल, असा शब्द स्टँटन यांनी दिला आणि 29 जूनला निघालेल्या 195 क्रमांकाच्या सर्वसाधारण आदेशात तो कागदावरही आला. मुदत संपल्यानंतरही सध्याच्या आणीबाणीत ज्यांनी आपली सेवा सरकारला देऊ केली, त्या सैनिकांसाठी योग्य असे ‘मेडल ऑफ ऑनर’ तयार करावे, असा त्याचा आशय होता. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमध्ये तात्पुरत्या सेवेसाठी इतर राज्यांतून आलेल्या स्वयंसेवकांनाही त्याच आदेशात हाच मान देऊ केला होता. आदेशाचा हा दुसरा भाग खरोखर अमलात आला असता, तर पदके हजारोंनी वाटावी लागली असती आणि कायद्यातील दोन हजारांचा आकडा कुठल्या कुठे राहिला असता. सुदैवाने त्या भागाची अंमलबजावणी झालीच नाही.

आदेशाच्या शब्दांकडे नीट पाहिले की लिहिणाऱ्याची घाई कळते. किती दिवस थांबले म्हणजे पदक मिळेल, हे त्यात नाही. शत्रूशी गाठ पडली पाहिजे की नाही, हे नाही. यादी कोण करणार आणि ती कोण तपासणार, तेही नाही. ‘सेवा देऊ केली’ एवढी एकच अट आहे. शौर्यपदकाच्या आदेशात शौर्याचा उल्लेखच नसावा, याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात त्या क्षणी पदक नव्हते, रिकामे पडलेले किल्ले होते.

स्टँटन यांची भीती खोटी नव्हती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ली यांनी मीड यांना चकवून राजधानीकडे मोर्चा वळवला असता, तर अनुभवी तीनशे माणसांचे मोल नक्कीच होते. वर्षभराने, 1864 च्या जुलैमध्ये, दक्षिणेचे सैन्य खरोखरच वॉशिंग्टनच्या वेशीवरील फोर्ट स्टीव्हन्सपर्यंत येऊन धडकले. त्यामुळे माणसे थांबवायला हवी होती का, हा वादाचा मुद्दाच नाही. त्यासाठी कोणती वस्तू पुढे केली, हा मुद्दा आहे.

आता शिपायाच्या जागी उभे राहून पाहावे. त्याचे बोचके बांधून झाले आहे. घरच्यांना कळवून झाले आहे. शेजारचा मित्र जाणार आहे. समोर त्याचाच कर्नल, म्हणजे त्याच्याच भागातला डॉक्टर, विचारतो आहे की राजधानी धोक्यात असताना कोण थांबतो. या प्रश्नाला नकार द्यायला जी हिंमत लागते, ती होकारापेक्षा कमी नसते, कारण जाणाऱ्याला उरलेले आयुष्य थांबलेल्यांच्या शेजारीच काढायचे असते. त्यात सन्मानाची भर पडली की निवड आणखी अवघड होते. पदकाविना थांबणारा माणूस फक्त देशासाठी थांबला, हे त्याला स्वतःला आणि गावाला ठाऊक असते. पदकाचा शब्द मिळाल्यावर थांबलेल्या माणसाविषयी ही खात्री कोणालाच देता येत नाही. त्या तीनशेंपैकी बहुतेक जण पदकाचे नाव न काढताही थांबले असते, असे मला वाटते. पण सरकारने घाईने दिलेल्या शब्दामुळे त्यांच्या निर्मळ निर्णयावर कायमची शंका चिकटली आणि तिच्यातून सुटायला त्यांच्यापाशी कोणताही मार्ग उरला नाही.

प्रत्यक्षात काय घडले, ते दोन वाक्यांत सांगता येते. 1 ते 3 जुलै या काळात गेटिसबर्गची लढाई झाली, ली मागे फिरले आणि राजधानीवरचा धोका टळला. 4 जुलैला 27 व्या मेनचे ते तीनशे जण एकही गोळी न झाडता घराकडे निघाले आणि 17 जुलैला पोर्टलंडमध्ये बाकीच्या पलटणीबरोबरच सेवामुक्त झाले.

हजेरीपटाची चूक

आवाहनाला जसा एक दिवस लागला होता, तसे आश्वासन पाळायला दीड वर्ष लागले. पदके तयार करण्याची वेळ आली तेव्हा नेमके कोण थांबले होते, याची सर्वमान्य वेगळी यादी युद्धखात्याच्या हाताशी नव्हती. मग पलटणीचा सबंध हजेरीपटच प्रमाण धरला गेला आणि 864 पदके तयार झाली. थांबलेल्या तीनशेंची नावे त्यांत होती आणि मुदत संपताच घरी गेलेल्या साडेपाचशेंहून अधिक जणांचीही होती. 1865 च्या जानेवारीत ही पदके वेंटवर्थ यांच्याकडे पोहोचली. मधल्या काळात ते दुसऱ्या एका मेन पलटणीचे कर्नल म्हणून पुन्हा युद्धावर गेले होते आणि पीटर्सबर्गच्या लढाईत जखमी होऊन परतले होते.

ते पदक हातात घेतल्यावर काय दिसत होते, ते पाहण्यासारखे आहे. कांस्याची पाच टोकांची चांदणी, तिच्या मधोमध मिनर्व्हा देवी ढालीने दुहीच्या आकृतीला मागे रेटते आहे आणि त्या आकृतीच्या हातांत साप आहेत. भोवती चौतीस ताऱ्यांचे कडे, कारण फुटून गेलेली राज्ये धरून संघराज्यात तेव्हा चौतीस राज्ये होती. वर तोफांवर बसलेला गरुड, त्याच्या वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची आणि निळ्या माथ्याची फीत. चांदणी उलटी केली की मागे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, वतीने अमुक यांस, असा मजकूर आणि शिपायाचे नाव. आयुष्यभर शेत नांगरलेल्या किंवा गिरणीत राबलेल्या माणसासाठी ही वस्तू किती मोठी असेल, हे वेगळे सांगायला नको.

वेंटवर्थ यांनी अशी 864 पदके समोर ठेवून स्वतःच्या आठवणीने आणि कागदांच्या आधाराने निवड केली. थांबलेल्यांची पदके त्यांनी त्यांना दिली. उरलेली साडेपाचशेंहून अधिक पदके परत मागवण्याची तत्परता सरकारने दाखवली नाही, म्हणून त्यांनी ती आपल्या तबेल्यात ठेवून दिली. निघून गेलेल्यांपैकी काही जणांनी पुढे तबेला फोडून आपल्या नावाची पदके नेली, असे सांगितले जाते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आदर वाटतो तो वेंटवर्थ यांच्याविषयी. नाव छापून आलेले पदक आपल्याच पलटणीतील माणसाला नाकारणे सोपे नसते. रोज रस्त्यात भेटणाऱ्या पाचशे माणसांचा रोष पत्करून त्यांनी पदकाची किंमत राखण्याचा प्रयत्न केला. वास्तविक हे काम युद्धखात्याचे होते. ते एका जखमी डॉक्टरने एकट्याने केले.

1917 : हिशेब कोणाकडून चुकता झाला

यानंतरची पन्नास वर्षे पदकाचे नियम हळूहळू घट्ट होत गेले. एप्रिल 1916 मध्ये काँग्रेसने पदकधारकांची एक विशेष नामावली तयार करण्याचा कायदा केला. शत्रूशी प्रत्यक्ष झालेल्या संघर्षात जिवावर उदार होऊन कर्तव्यापलीकडचे शौर्य गाजवलेल्या आणि वयाची 65 वर्षे पूर्ण केलेल्या पदकधारकाला त्यानुसार दरमहा 10 डॉलर मिळणार होते. पैसे द्यायचे म्हटल्यावर पात्रतेचा प्रश्न आलाच. त्याच वर्षी जूनमधील संरक्षण कायद्याने पाच निवृत्त जनरलांचे मंडळ नेमले आणि त्याचे अध्यक्षपद नेल्सन माइल्स यांच्याकडे दिले. माइल्स स्वतः चान्सलर्सव्हिलच्या लढाईतील कामगिरीबद्दल हेच पदक मिळवलेले होते.

मंडळाने तोवर दिलेली 2,625 पदके तपासली आणि 1917 च्या फेब्रुवारीत 911 पदके यादीतून काढून टाकली. त्यांत लिंकन यांच्या अंत्ययात्रेतील 29 रक्षक होते, सहा नागरिक होते, इतर बारा जण होते आणि उरलेली सर्वच्या सर्व 864 पदके 27 व्या मेनची होती. वगळलेले पदक अंगावर लावणे हा यापुढे गुन्हा ठरणार होता.

मंडळाचा निर्णय नियमाने पाहता बरोबर होता, असेच माझे मत आहे. न लढलेल्या पलटणीची 864 नावे यादीत ठेवली असती, तर पदकाला अर्थच राहिला नसता. एकूण पदकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश पदके एका आणीबाणीतल्या एका आश्वासनातून निघाली होती, हा आकडाच पुरेसा बोलका आहे. मात्र चूक सुधारताना तिची किंमत चुकीच्या माणसाने मोजली. आश्वासन देणारे स्टँटन 1869 मध्येच वारले होते. हजेरीपट तसाच उचलणारे कारकून आणि अधिकारी यांना कोणी जाब विचारला नाही. सत्तरी-ऐंशीच्या घरातील जे म्हातारे शिपाई हयात होते, त्यांना मात्र कळले की सरकारने स्वतःहून दिलेला शब्द सरकारने परत घेतला आहे.

दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता, असेही नाही. गंमत म्हणजे तो त्याच खात्याच्या, त्याच आठवड्याच्या कागदपत्रांत सापडतो. 25 जून 1863 रोजी, म्हणजे फक्त तीन दिवस आधी, 191 क्रमांकाचा आदेश निघाला होता. अनुभवी सैनिकांनी पुन्हा तीन वर्षांसाठी किंवा युद्ध संपेपर्यंत भरती व्हावे, म्हणून त्यांना 402 डॉलर हप्त्यांनी देण्याची आणि मानाची खूण म्हणून बाहीवर खास पट्टी लावू देण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे माणूस थांबवायचा असेल, तर त्याला रोख मोबदला द्यावा आणि थांबल्याची वेगळी ओळख द्यावी, हे खात्याला चांगले ठाऊक होते. चार दिवसांच्या मुक्कामासाठी याच धर्तीवर काही दिवसांचा जादा पगार, आभाराचे पत्र आणि एखादी वेगळी खूण पुरेशी ठरली असती. त्या तीनशेंचा मान त्यामुळे तिळभरही कमी झाला नसता आणि तो कोणाला काढूनही घेता आला नसता. पण पट्टीच्या योजनेला नियम, रक्कम आणि मुदत ठरवावी लागते. पदकाचा शब्द उभ्या उभ्या देता येतो. निकडीच्या वेळी अधिकाऱ्याचा हात सन्मानाकडे वळतो तो याच कारणाने, कारण देण्याच्या क्षणी त्याला पैसा लागत नाही.

शौर्यपदक कृतीच्या मागून यावे, पुढून नव्हे, असे म्हणताना मला कारवारकडच्या राम राघोबा राणे यांची आठवण होते. बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातील या अधिकाऱ्याने 1948 च्या एप्रिलमध्ये नौशेरा–राजौरी रस्त्यावर, जखमी असतानाही, गोळीबाराखाली सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना मिळालेले परमवीर चक्र त्या दिवशी अस्तित्वातच नव्हते. त्याची स्थापना 26 जानेवारी 1950 रोजी झाली आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या कामगिरीला ते लागू करण्यात आले. त्या रस्त्यावर राणे यांच्यापुढे कोणी कसलाही मान धरलेला नव्हता, म्हणूनच त्यांच्या पदकाविषयी शंका घ्यायला कोणाला जागाच नाही.

लढाईबाहेरच्या रोजच्या सैनिकी जीवनात हीच गोष्ट लहान प्रमाणात घडत असते. अमेरिकी लष्करात महिन्याचा किंवा तिमाहीचा उत्तम सैनिक निवडण्यासाठी ज्येष्ठ सार्जंटांचे मंडळ बसते. सैनिकाने गणवेशात, फितींची अंतरे मोजून-मापून, मंडळापुढे उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. तयारीला वेळ मिळाला तर यातून तरुण सैनिक खरोखर घडतो. पण कंपनीकडून नाव गेलेच पाहिजे, म्हणून दोन-चार दिवस आधी कोणाला तरी ‘स्वेच्छेने’ पुढे ढकलले की तो नाव पाठवणाऱ्याची अडचण भागवायला उभा असतो. त्याची गुणवत्ता तिथे मोजली जातच नाही आणि हरला तर कमीपणा मात्र त्याच्याच नावावर लागतो. 1863 आणि आजचा हा प्रसंग यांत रक्ताचा आणि शाईचा फरक आहे, पण निकड वरच्याची आणि जोखीम खालच्याची ही वाटणी दोन्हीकडे सारखीच आहे.

1917 च्या यादीतून वगळलेल्यांपैकी काहींना पुढे न्याय मिळाला. युद्धात शल्यविशारद म्हणून काम केलेल्या डॉ. मेरी वॉकर यांनी आपले पदक कधीच परत केले नाही, त्या ते अखेरपर्यंत लावत राहिल्या आणि 1977 मध्ये त्यांना ते अधिकृतपणे परत मिळाले. बफेलो बिल या नावाने प्रसिद्ध असलेले विल्यम कोडी आणि आणखी काही नागरी वाटाडे यांची पदके 1989 मध्ये परत दिली गेली. 27 व्या मेनच्या बाबतीत असे काही घडले नाही. त्यांची 864 पदके रद्द झाली ती एकगठ्ठा, एका पलटणीची म्हणून. त्या आकड्यात जून 1863 मध्ये घरी गेलेला शिपाईही आहे आणि रिकाम्या किल्ल्यावर चार दिवस उभा राहिलेलाही आहे. वेंटवर्थ यांनी घरी बसून मोठ्या कष्टाने वेगळी केलेली ही दोन प्रकारची माणसे सरकारी कागदावर पुन्हा एकत्र झाली, ती आजतागायत तशीच आहेत.